खोक्यातलं गुलाबी पान

आल्दुनातेला मी साडेसहा महिने रोज एकदा मनातल्या मनात लोळवला. सकाळी गाडी तळावरून डोंगर चढायला लागली की सुरुवात व्हायची, आणि पाच हजार मीटरवर पोचून नाकात प्राणवायूची नळी सरकवेपर्यंत तो पुरता चीत झालेला असायचा. मग मी पाना-पक्कड काढून शांतपणे कामाला लागायचे. राग वाईट म्हणतात. मला तर तो वर हातमोज्यांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

मी नेल्दा सायरे, तोकोनाओ गावची. आमच्या निम्म्या गावाचं पोट द्राक्षांवर चालतं, निम्म्याचं वरच्या पठारावरच्या दुर्बिणींवर. आमची दुर्बीण तारे बघत नाही. तिला हवी असते विश्वाच्या पहिल्या उजेडाची उरलेली ऊब, जी अजून सगळ्या दिशांनी येते आहे. मला हे डॉक्टर लोकांच्या फळ्यावर कधी कळलं नाही, तीओ एवारिस्तोंनी एका वाक्यात सांगितलं. "सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मातीच्या भट्टीत हात घाल. विस्तव विझलेला असतो, पण पाव कुठे ठेवले होते ते हाताला कळतं. तेवढंच करते ही."

तीओ म्हणजे काका. नात्याने ते माझे कुणी नव्हते. एवारिस्तो लियेंद्रो सत्तावीस वर्षं पठारावर होते, आणि बोल्ट कुठवर आवळायचा इथपासून थंडीत रडू आलं तर डोळे कसे पुसायचे इथपर्यंत मला सगळं त्यांनी शिकवलं. त्यांना त्या डोंगरावरून हाकललं गेलं, तेही वेडगळ ठरवून. हाकलणारा होता डॉक्टर हेर्नान आल्दुनाते, आमच्या प्रयोगाचा प्रमुख.

ते असं झालं. दुर्बिणीच्या तोंडापुढे मधूनमधून एक चौकट सरकवतात. मीटरभर रुंद, आत केसासारख्या बारीक तारा, सगळ्या एकाच दिशेने ताणलेल्या. त्या जुन्या उजेडाला एक कल असतो. तो मोजायचा तर सरळ म्हणजे काय हे आधी दुर्बिणीला शिकवावं लागतं, आणि शिकवते ही चौकट. चौकट तिरकी बसली तर सगळं आकाश तेवढंच तिरकं दिसणार.

पाच वर्षांपूर्वी ती बसवली त्या दिवशी मी सुट्टीवर होते. राजधानीतून फोटो काढणारे आले होते, आणि आल्दुनातेला नाकात नळी घालून फोटोत यायचं नव्हतं. मोठ्या घराण्यातला माणूस, नळी म्हणजे म्हाताऱ्यांचं आणि आजाऱ्यांचं काम! त्याने नळी काढली आणि चौकट स्वतःच्या हाताने बसवली. आता, आमच्याकडे एक नियम आहे. तो कुठे छापलेला नाही, पण सगळे पाळतात: वर नळीशिवाय केलेलं काम दुसऱ्या दिवशी उकलून परत करायचं. तिथली हवा माणसाला हळूच मूर्ख करते आणि त्याला पत्ता लागू देत नाही. तीओंनी ते सगळं संध्याकाळी कामाच्या वहीत लिहिलं आणि डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर हसले.

तीन आठवड्यांनी थंडीने दुर्बिणीची एक खिडकी तडकली. कुणाची चूक नव्हती, पण वरिष्ठांना कुणाचंतरी नाव हवं होतं. आल्दुनातेने लिहून दिलं: लियेंद्रो वयामुळे आणि सतत कोकाची पानं चघळल्यामुळे वर भानावर नसतात. (ती पानं डोंगरावर दम टिकावा म्हणून आमच्याकडे सगळेच चघळतात.) तीओ म्हणाले, "वही काढा. भानावर कोण नव्हतं ते त्यात आहे." वही काढली. कार्यालयात त्या तारखेचं पांढरं पान नव्हतं, वहीत पिवळी नक्कलही नव्हती. आल्दुनाते सगळ्यांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "बघा. न लिहिलेलं लिहिलंय असं वाटतं यांना."

त्या एका वाक्याने माणूस संपला. वर जायचा परवाना गेला, ते तर गेलंच. पण आमच्याकडे दर ऑगस्टला पाट साफ करतात, सगळं गाव फावडी घेऊन उतरतं, आणि सुरुवातीला एकजण डोंगराला आणि पाण्याला साद घालतो. तो म्होरक्या भानावरचा लागतो. सोळा वर्षं तीओच साद घालत होते. त्या वर्षी गावातले वडीलधारे त्यांच्या दारात येऊन टोप्या हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवारिस्तो, यंदा जरा विश्रांती घे." त्या विश्रांतीची पाच वर्षं झाली.

आता एप्रिलकडे येते. अकरा एप्रिलला मला फोमचे तुकडे हवे होते, म्हणून मी मागच्या कंटेनरमधलं चौकटीचं रिकामं लाकडी खोकं उघडलं. फोमखाली एक गुलाबी कागद होता. आमच्या वहीत तीन प्रती निघतात. पांढरी कार्यालयात जाते, पिवळी वहीत राहते आणि गुलाबी सामानाच्या खोक्यात टाकतात, म्हणजे उद्या खोकं उघडणाऱ्याला कळावं. आल्दुनातेने दोन पानं फाडली. तिसरं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, कारण आयुष्यात त्याने एकही खोकं बांधलेलं नव्हतं. आणि आम्हाला ठाऊक असून आम्ही शोधलं नव्हतं, ते खोकं केव्हाच जळणात गेलं असं तीओंसकट सगळे समजत होतो.

मी ते पान खोक्यावर बसून चारदा वाचलं. मग चौकटीकडे गेले आणि जमिनीवर आडवी होऊन खाली विजेरी मारली. चौकट सरळ बसावी म्हणून पायाखाली घालतात ती धातूची पत्ती डाव्या पायाखाली होती. जिथे नको तिथे, पाच वर्षं.

मी ती काढली नाही.

हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. एप्रिलमध्ये पान देऊन टाकलं असतं तर काय झालं असतं? आल्दुनातेने माझ्या खांद्यावर हात ठेवला असता. "शाब्बास, नेल्दिता." पत्ती गुपचूप निघाली असती, आकडे दुरुस्त झाले असते, आणि त्याच्या भाषणात एक ओळ वाढली असती की आम्ही किती बारकाईने काम करतो. मला तो तसा सुटायला नको होता. मला तो सगळ्यांसमोर हवा होता. आणि तसा दिवस येणार होता: पेटी उघडायचा दिवस.

पेटी म्हणजे खरी पेटी नाही. पाच वर्षांच्या मोजणीचं उत्तर संगणकात कुलूपबंद ठेवतात आणि काम संपेपर्यंत कुणी बघायचं नाही, म्हणजे मनासारखं उत्तर यावं म्हणून कुणी आकडे वाकवू नयेत. तो पहिला उजेड इथवर येताना थोडा पिळला जातो का, एवढंच त्यात होतं. पिळला असेल तर आल्दुनातेचं नाव जगभर होणार होतं. किल्ली त्याच्याकडे, कारण नियम त्याचेच होते आणि तो त्यांचा भारी अभिमान बाळगायचा. शेवटचा नियम असा: उघडण्याआधी, दुर्बिणीला ज्याचा ज्याचा हात लागलाय त्या प्रत्येकाला शंका विचारायची. लेखी शंका असेल तर प्रमुखाने ती मोठ्याने वाचायची आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत पेटी बंद. तारीख ठरली होती तीस ऑक्टोबर.

सुरुवातीला तर मी याहून वाईट ठरवलं होतं. गप्प बसायचं, त्याला पेटी उघडू द्यायची, जगभर मिरवू द्यायचं, आणि मग पान बाहेर काढायचं. पण मग सुचलं की तो पुन्हा म्हणेल, चौकट तर लियेंद्रोच्या हाताखाली होती. चिखल परत म्हाताऱ्याच्याच अंगावर. म्हणून उघडण्याआधी, त्याच्याच तोंडून, असं पक्कं केलं.

तीओंना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काठी घेऊन त्याच दिवशी तळावर गेले असते. कामात दोष दिसला की लगेच सांगायचा, हे त्यांच्या रक्तात होतं. शिवाय तीया फिदेलियाच्या, त्यांच्या बायकोच्या, पोटात काही राहत नाही.

दर पाळी संपली की मी आधी त्यांच्याकडे जायचे. ते बागेत बिहीच्या झाडाखाली बाकावर बसलेले असायचे, तोंड डोंगराकडे.

"वरून काही?" ते विचारायचे.

"काही नाही, तीओ. वारा."

"वारा असणारच. त्याला कोण काढून टाकणार?" म्हणून हसायचे, आणि त्या हसण्याचं रूपांतर खोकल्यात व्हायचं. त्यांचं हृदय थकलं होतं, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चढ बंद केला होता. तीया आतून ओरडायच्या, "नेल्दा, त्यांना बोलायला लावू नकोस, सूप थंड होतं!" आणि मी पत्ती, पान, सगळं पोटात ठेवून सूप प्यायचे. एकदा तर अगदी ओठावर आलं होतं. म्हटलं, अजून चार महिने, नेल्दा. अजून चारच.

ऑगस्टमध्ये पाट साफ झाला. यंदाचा म्होरक्या चांगला माणूस आहे, पण साद मध्येच विसरला. मी फावडं घेऊन रांगेत होते. मान वळवली तर तीओ त्यांच्या बागेच्या भिंतीमागे उभे होते, टोपी काढून, आणि विसरलेले शब्द ओठांनी पुरे करत होते. कुणाला ऐकू गेले नाहीत. माझ्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत ते पान होतं. मी ते कायम जवळ ठेवायचे. त्या क्षणी जाऊन त्यांच्या हातात ठेवता आलं असतं. मी चिखल उपसत राहिले आणि आल्दुनातेला आणखी जोरात आपटला.

नऊ ऑक्टोबरला तीओ बाकावरच गेले. मी वर होते. खाली येईपर्यंत त्यांना न्हाऊ घालून झालं होतं. मी रडले, आणि रडता रडता दात आवळून म्हटलं, आता तर याला सोडतच नाही.

तीस तारखेला सकाळी दहाला तळावरचं जेवणघर भरलं होतं. चाळीस माणसं, टेबलावर कापडाखाली झाकलेल्या एम्पानाद्या, म्हणजे आमच्या तिखट करंज्या, आणि बर्फात बाटल्या. परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टर सोल्वाइग नॉर्वेहून आल्या होत्या, उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. आल्दुनाते इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला आणि त्याचा आवडता नियम त्याने स्वतः म्हणून दाखवला. "ज्याचा हात दुर्बिणीला लागलाय त्याने बोलावं. कुणाला काही शंका?"

"कॉफीबद्दल आहे," स्वयंपाकी म्हणाला. सगळे हसले.

मी उभी राहिले. "मला आहे."

"नेल्दिता," तो हसतच म्हणाला, "तुझ्या हातमोज्यांचं नंतर बघू हं. लोक लांबून आलेत."

"लेखी आहे, डॉक्टर. नियम तुमचा आहे. मोठ्याने वाचा."

त्याने कागद घेतला. आधी फक्त रंग बघितला. मग अक्षर ओळखलं.

"हे कुठून आलं?"

"चौकटीच्या खोक्यातून. तिसरी प्रत सामानाबरोबर जाते. खोकं बांधणाऱ्यांना माहीत असतं."

"पाच वर्षांपूर्वीचा कागद... याची सत्यता..."

"वाचा," सोल्वाइग म्हणाल्या.

तो वाचू लागला. "'आज चौकट बसवली. डॉक्टरांच्या नाकाला पावणेदोन तास नळी नव्हती. तीन मिलिमीटरची पत्ती उजव्या पायाखाली हवी होती, त्यांनी डाव्या...'"

"मधली ओळ राहिली, डॉक्टर," मी म्हटलं. मला ते पान पाठ होतं.

त्याच्या कानशिलावर घाम आला. "'त्यांनी माझं नाव तीनदा चुकवलं. पत्ती डाव्या पायाखाली ठोकली. मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या, नळी तुझ्यासाठी आहे. नियमाप्रमाणे उद्या उकलून परत करायला हवं. डॉक्टर नको म्हणाले. पत्ती तिथेच आहे. ए. लियेंद्रो.'"

"अजून तिथेच आहे," मी म्हटलं. "गाडी काढा, दाखवते."

काय सुख होतं ते, खोटं कशाला सांगू? हा माणूस, त्याचा तो मखमली आवाज, आणि त्या आवाजात तीओंचे शब्द. भानावर कोण नव्हतं हे तो स्वतः चाळीस माणसांना सांगत होता. मला ते संपायला नको होतं.

सोल्वाइगनी कागदी रुमालावर पेनने हिशेब केला. "उजवीकडची तीन डावीकडे गेली, म्हणजे फरक सहाचा. मीटरला सहा मिलिमीटर. अंशाचा एक तृतीयांश, शून्य पूर्णांक चौतीस. हेर्नान, आकाश पिळलेलं दिसलं, तर ते या पत्तीमुळे दिसेल."

"पण आपला आकडा छत्तीस आहे!" आल्दुनाते म्हणाला. "चौतीस आणि छत्तीस एक नाही, त्यात फरक..."

आणि थांबला.

जेवणघरात बर्फ वितळून एक बाटली घसरली तेवढाच आवाज झाला. हे मी योजलेलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. सोल्वाइगनी पेनाला टोपण लावलं.

"पेटी बंद आहे ना, हेर्नान?"

त्याचा हात नाकाकडे गेला, तिथे नळी असायला हवी होती तसा. मग कुणीतरी मागे खुर्ची सरकवली, आणि एकेक करून सगळे उठले. एम्पानाद्यांवरचं कापड कुणी काढलंच नाही.

दुपारी तिघांनी वर जाऊन पत्ती मोजली. संध्याकाळच्या आत आल्दुनातेची किल्ली काढून घेतली आणि त्याला विमानतळाच्या गाडीत बसवलं. गाडीत चढताना त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात हलवला, छान, सावकाश, सुट्टीवर जाणाऱ्याला हलवतात तसा. तीओंविरुद्धचा अहवाल रद्द झाल्याचं पत्र निघालं, त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. मी त्यांना पानाची झेरॉक्स दिली आणि अस्सल पान परत मागून घेतलं. ते कुठे ठेवायचं हे माझं ठरलं होतं.

एक नोव्हेंबरला आमच्याकडे गेलेली माणसं जेवायला येतात. दुपारी बाराला येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परततात. नुकत्याच गेलेल्या माणसाचं टेबल मोठं मांडतात. मी अकराला पोचले. तीया फिदेलियांनी मक्याचं नि मांसाचं गरम कालवण, गेलेल्यांना चढा-उतरायला शिडीच्या आकाराचा पाव, बिहीची फळं, लाल वाइनचा पेला आणि मूठभर कोकाची पानं मांडली होती. तीओंच्या खुर्चीपुढे त्यांची टोपी. दार सताड उघडं.

मी पत्र वाचून दाखवलं. जेवणघरातलं सगळं सांगितलं, आल्दुनातेच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. तीया तोंडावर हात ठेवून हसल्या, मग रडल्या, मग माझे दोन्ही गाल धरून म्हणाल्या, "सोन्या, तू त्यांचं तोंड उजळ केलंस ग." मी गुलाबी पान पिशवीतून काढलं आणि टोपीच्या शेजारी ठेवलं, वाइनच्या पेल्याखाली, उडू नये म्हणून.

तीयांनी चष्मा लावून अक्षरावरून बोट फिरवलं. "अगदी त्यांचंच. त्यांना असं वाटायला लागलं होतं, माहीत आहे? शेवटी शेवटी मला विचारायचे, फिदेलिया, मी खरंच लिहिलं होतं ना, का माझंच काही चुकतंय?" त्यांनी पान सरळ केलं. घड्या झिजून फाटायला आल्या होत्या. "आणि बिचारं हे पान खोक्यात पडून. त्यांच्या माघारी सापडलं, होय ना? गेल्या महिन्यात?"

मी हो म्हणणार होते. त्यांना तेच हवं होतं, मलाही. पण तीयांचं बोट त्या झिजलेल्या घडीवर थांबलं होतं, आणि तशी घडी नुसत्या खोक्यात राहिलेल्या कागदाची कधी झिजत नाही.

"एप्रिलमध्ये," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला. ओरडल्या नाहीत. बोटांवर महिने मोजले, आणि ऑगस्टवर बोट थांबलं.

"ते भिंतीमागे उभे होते," त्या म्हणाल्या.

"मी बघितलं होतं, तीया."

"बघितलं होतंस."

"तो सुटला असता. मला त्याला..."

"हो," तीया म्हणाल्या. "त्याला."

त्या उठल्या, भिंतीजवळचं स्टूल ओढून त्यांनी तीओंच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि मला खांदा धरून त्यावर बसवलं. हात जड नव्हता, उलट टेबल मांडताना असतो तसाच होता.

"बाराला येतील. आल्याबरोबर 'वरून काही?' विचारतील, दर खेपेला विचारायचे तसे. या वेळी मी मध्ये बोलायची नाही. तू सांग." आणि त्या आत गेल्या, आतलं दार लोटून घेतलं.

कालवणाची वाफ टोपीवरून जात होती. चौकातल्या घंटाघरात टोल पडायला लागले, मी ते मोजले, बारा झाले आणि गल्ली शांत झाली. उघड्या दारातून थोडी धूळ आत आली आणि पेल्याखालचं पान हललं. मी तोंड उघडलं, आणि आधी तेच आलं जे एप्रिलपासून सहा महिने येत होतं.

"काही नाही, तीओ. वारा."